एकाच मेणबत्तीचं हरीण

माझी बायको बाल्बिना गेल्याचा फोन आला, तेव्हा ओटचं पोतं माझ्या खांद्यावर होतं. तीच असेल असं वाटलं, म्हणून पोतं खाली न ठेवताच मी फोन उचलला. पलीकडे दवाखान्यातली बाई होती. ती हळूहळू बोलत होती आणि मी प्रत्येक वाक्यानंतर "बरं" म्हणत होतो. फोन ठेवला तरी पोतं खांद्यावरच होतं.

आदल्या दिवशीच बाल्बिनानं बजावलं होतं, "बर्फ पडणार आहे. गव्हाण भर. मी नाही म्हणून ती उपाशी राहायला नकोत." म्हणून मी वर गेलो आणि गव्हाण भरली. मग खाली येऊन मुलीला फोन केला.

त्यानंतर मी वर गेलोच नाही.

ही गव्हाण गुरांची नाही. आमच्या घराच्या वर, रान सुरू होतं तिथे, चार खांबांवर फळ्यांचं छप्पर आहे. खाली गवताची जाळी आणि दाण्याची पेटी. शेजारी दगडावर मिठाचा खडा. हिवाळ्यात हरणांना, रानडुकरांना खायला घालायचं, ती जगवायची आणि पुढच्या शरदात त्यांच्यातलीच काही टिपायची, अशी आमच्या शिकार मंडळाची रीत. बाल्बिना यावर आयुष्यभर हसली. म्हणायची, "तुम्ही खाणावळवाले. आधी गिऱ्हाइकाला वाढता, मग गिऱ्हाईकच वाढता." तिच्या गव्हाणीजवळ गोळी झाडायची नाही, हा तिचा नियम होता. तो मंडळाच्या कागदावर कुठे नव्हता, पण कुणी मोडला नाही.

तिला आमची भाषा मात्र कधी पटली नाही. शिकारी माणूस रानात साधे शब्द वापरत नाही. रक्ताला आम्ही ‘रंग’ म्हणतो. हरणाचे डोळे म्हणजे ‘मेणबत्त्या’, कान म्हणजे ‘चमचे’. हरणाच्या ढुंगणावर पांढरा ठिपका असतो, त्याला ‘आरसा’. चुकून साधा शब्द तोंडातून गेला, की सगळ्यांना एकेक पेला पाजायचा. एकदा शिकाऱ्यांचा संत ह्युबर्ट, त्याच्या सणाच्या जेवणावळीत बाल्बिना म्हणाली, "हरणाचे डोळे किती सुंदर असतात." आमचे अध्यक्ष मार्चेली यांनी टेबलावर चमचा वाजवला. "मेणबत्त्या, वहिनी. मेणबत्त्या."

"डोळे म्हणजे डोळे," बाल्बिना म्हणाली. "तुम्ही घरी जाऊन बायकोला सांगा, तुझ्या मेणबत्त्या सुंदर आहेत. मग ती पाठमोरी झाली की तिच्या आरशाबद्दलही दोन शब्द बोला."

मार्चेलीची बायको तेव्हा सूप पीत होती. ते सूप तिच्या नाकातून आलं.

जानेवारीत, तीन राजांचा सण झाल्यावर, मार्चेली आणि सेवेरिन माझ्याकडे आले. मार्चेली पोलिसातून निवृत्त झालेला, अंगानं भरपूर. सेवेरिन माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्याकडे नुत्का नावाची शिकारी कुत्री आहे. त्याच्या गोठ्यामागे तांब्याचं एक भांडंही आहे. त्यात आलुबुखाराची दारू निघते, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. ते भांडं कायद्यात बसत नाही, म्हणून त्याचा विषय कुणी काढत नाही.

"रान देवो," मार्चेली दारातून म्हणाला. आमचा रामराम तो असा.

"रान देवो. बसा. चहा आहे. दुसरं काही शिजवलेलं नाही."

"दिसतंय," सेवेरिन चुलीकडे बघत म्हणाला. "लुड्विक, शेवटचं कधी जेवलास?"

"जेवतो की."

"काय?"

"ब्रेड."

"आणि?"

"ब्रेडच."

मार्चेलीनं टोपी गुडघ्यावर ठेवली. टोपी गुडघ्यावर आली, की तो पोलीस होतो. "लुड्विक, तुझ्या गव्हाणीचं बोलायचं होतं."

"बाल्बिनाच्या."

"बाल्बिनाच्या. छप्पर कुजलंय. ऑक्टोबरपासून पेटीत दाणा नाही. हरणं पलीकडे ओढ्याकडे गेली. मंडळाचं ठरलंय, ती गव्हाण उतरवायची आणि चांगल्या फळ्या ओढ्याकाठी नवीन बांधायला वापरायच्या."

मी चहाचे पेले पुसत होतो. पुसलेलाच पेला परत पुसला.

"कधी?"

"शनिवारी."

"आणि मी भरली तर?"

"भरून काय करणार? खायला कुणी आलं पाहिजे ना." त्यानं सेवेरिनकडे पाहिलं. सेवेरिन छताकडे बघत होता. "ठीक आहे. शनिवारी सकाळी बर्फात ठसे दिसले, तर गव्हाण राहील. जनावरांचे ठसे. तुझे नकोत."

"याचे पायही हरणाचेच आहेत, अध्यक्ष," सेवेरिन म्हणाला. "तुम्हाला ओळखू यायचे नाहीत."

ते गेल्यावर बराच वेळ मी तसाच बसून होतो. बाल्बिनाचे कपडे मुलीनं नेले होते. तिची खुर्ची होती, पण खुर्ची कुणाचीही असते. ती गव्हाण मात्र तिचीच होती. तिथल्या पेटीला तिनं मारलेले खिळे अजून वाकडे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी ओट वर नेले. गवत नेलं. तिनं पोटमाळ्यावर वाळवून ठेवलेले चेस्टनट नेले. गाजरंही नेली, ती शेजारच्या साबिनानं मला सूप करायला दिली होती. सकाळी जाऊन पाहिलं, तर बर्फात एकच माग, माझा, वर जाणारा आणि खाली येणारा. त्याच्या पुढच्या सकाळी दोन माग, दोन्ही माझेच. एक मॅगपाय पक्षी येऊन गेला होता. त्यानं चेस्टनट चाखून टाकून दिला होता.

शुक्रवारी मी तळघरात उतरलो. बाल्बिना दर शरदात कुठून तरी सफरचंदाचा चोथा आणायची आणि पिंपात दाबून ठेवायची. हरणांचं आंबोण, असं म्हणायची. हरणं त्याच्यासाठी जीव टाकत. ती ते कशात ठेवते, कधी काढते, हे मी कधी विचारलं नव्हतं. तळघर तिचं राज्य होतं. कोपऱ्यात, बटाट्यांमागे, एक निळं पिंप होतं. झाकणावर फडकं, त्यावर दोरी, दोरीला तिची गाठ.

मी गाठ सोडली. आत जांभळट, दाट लगदा होता. यंदा चोथ्यात बीट मिसळलं असेल, असं मला वाटलं. वास यायला हवा होता, असं आता सगळे म्हणतात. पण चाळीस वर्षं लाकूड-गिरणीत भुसा ओढून माझ्या नाकाचंच लाकूड झालंय. गॅस गळतो की नाही हेसुद्धा बाल्बिना बघायची.

बादल्या भरल्या, घसरगाडीवर ठेवल्या आणि संध्याकाळ व्हायच्या आत वर ओढून नेल्या. चढावर गाडी दोनदा कलंडली. आंबोण बर्फावर सांडलं, हातमोज्यांना लागलं, गव्हाणीच्या खांबांना लागलं. मी खरवडून जमेल तेवढं पेटीत भरलं. मिठाच्या दगडावर लाल काचेतली मेणबत्ती लावली. कबरीवर ठेवतात तसली. सर्व संतांच्या सणाला आणलेल्यांतली उरली होती.

"बघ," मी म्हणालो. "भरली."

मग घरी आलो आणि खूप दिवसांनी गाढ झोपलो.

शनिवारी सकाळी मार्चेलीची गाडी माझ्या अंगणात आली ती घसरतच. गाडीत सेवेरिन आणि नुत्का.

"बूट घाल," मार्चेली म्हणाला. "कुणी तरी चोरून शिकार केलीय. बाल्बिनाच्या गव्हाणीजवळ."

माझ्या हातातला ब्रेड खाली पडला. "कोण म्हणतं?"

"तुझी शेजारीण. ती क्राकोवची बाई. तिनं मला फोन केला. मी शब्द न् शब्द लक्षात ठेवलाय, पोलिसाची सवय." त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. "ती म्हणाली, ‘गव्हाणीपाशी बर्फावर सगळीकडे रंग आहे.’"

"रंग," मी म्हणालो.

"सगळीकडे. पुढे म्हणाली, ‘आरशात रंग बघून मी घाबरलेच.’"

"आरशात? म्हणजे ढुंगणावर गोळी?"

"पेला पाजावा लागेल तुला, पण हो. ढुंगणावर. कुठल्या तरी नवशिक्याचं काम. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ‘काल संध्याकाळी तिथे एकच मेणबत्ती होती, मिणमिणती.’"

सेवेरिननं मान हलवली. "एका डोळ्यानं आंधळं. त्यात ढुंगणावर गोळी. बिचाऱ्यानं जगायचं कसं?"

"आणि मिणमिणती, म्हणजे जीव जायला आलेला," मार्चेली म्हणाला. "ती बाई शिकारी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किती नेमकं बोलते."

आता कुणीही विचारेल, की लुड्विक, मेणबत्ती तूच लावली होतीस, जांभळं आंबोण तूच सांडलं होतंस, तुझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? नाही पडला. शिकाऱ्यानं मेणबत्ती म्हटलं, की मला हरीण दिसतं. त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं, की बाल्बिनाच्या गव्हाणीजवळ कुणी तरी गोळी झाडली. मी बूट उलटे घातले आणि तसाच गाडीत बसलो.

साबिना वाटेवर उभी होती. चाळिशीची, अंगात पिवळा कोट, हातात चहाचा थर्मास. तिनं मागच्या वर्षी आमच्या शेजारचं घर घेतलं आहे.

"लुड्विककाका, तुम्ही ठीक आहात ना? मला वाटलं तुम्हीच पडलात की काय."

"मी कशाला पडेन?"

"बाई, तुम्ही मागे थांबा," मार्चेली म्हणाला. "जखमी जनावर आहे. एका मेणबत्तीचं."

"एका मेणबत्तीचं जनावर?" साबिना म्हणाली.

"तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

पण तोवर नुत्कानं माग धरला होता. ती मोठी कामसू कुत्री. नाक खाली, शेपूट ताठ. बर्फावर खरंच रंग होता, जांभळट लाल, इथे शिंतोडा, तिथे थारोळं. नुत्का पहिल्या डागापाशी थांबली. हुंगलं. चाटलं. मग दुसऱ्या डागाकडे गेली आणि तोही चाटला.

"रंग चाटतेय," सेवेरिन म्हणाला. "असं ती कधी करत नाही."

"ताजा असेल," मार्चेली म्हणाला.

चौथ्या-पाचव्या डागानंतर नुत्काची शेपूट ताठ राहिली, पण बाकीची कुत्री वाकडी चालायला लागली. ती एका झाडाला धडकली, झाडाकडे रागानं पाहिलं आणि त्याला वळसा घालून परत त्यालाच धडकली.

ठसेही विचित्र होते. हरणाचा माग म्हणजे शिवणीसारखा सरळ. हे ठसे गोल फिरत होते, एकमेकांना ओलांडत होते. एके ठिकाणी तर चारही पाय चार दिशांना गेल्यासारखे.

"तडफडलंय," मार्चेली हळू आवाजात म्हणाला. त्यानं टोपी काढली.

त्याच वेळी झुडपाजवळ एक ससा दिसला. तो मागच्या पायांवर बसून आमच्याकडे बघत होता. आम्ही त्याच्या शेजारून गेलो तरी हलला नाही. एवढ्या वर्षांत माझ्याजवळ ससा कधी थांबला नव्हता. पुढे फांदीवर बसायला एक पक्षी आला, फांदी चुकली, खाली पडला, परत उडाला, परत चुकला. त्यानं मग जमिनीवरच बसायचं ठरवलं.

"अध्यक्ष," सेवेरिन म्हणाला, "मला काही तरी वेगळंच वाटतंय."

"मला पण. पण काय, ते कळत नाही."

मग गव्हाण दिसली. तिच्यापुढे पाच हरणं उभी होती. उभी म्हणजे, एकमेकांना टेकून उभी. त्यांतला एक नर मार्चेलीकडे बघून मान खाली घालत होता, वर करत होता, परत खाली घालत होता. मार्चेलीनंही नकळत मान झुकवली. आमच्या अध्यक्षाला शिष्टाचार आहे. हरणं पळाली नाहीत. थोड्या वेळानं त्यांच्यातलं एक निघालं आणि बाकीची त्याच्या मागून गेली, एका रांगेत, पण रांग नागमोडी. प्रत्येकाचा पांढरा आरसा आम्ही नीट पाहून घेतला. कुठेच रंग नव्हता. आणि प्रत्येकाला दोन-दोन मेणबत्त्या होत्या.

"मग जखमी कोण?" मार्चेली म्हणाला.

उत्तर गव्हाणीतून आलं. घोरण्याचं. दाण्याच्या पेटीत मुंडकं घालून, गवतावर आडवी, एक रानडुकरीण झोपली होती. केवढी, ते सांगत नाही. शिकाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मार्चेलीएवढी म्हणतो, म्हणजे अंदाज येईल. आणि आम्ही बघतो तर नुत्का, आमची कामसू नुत्का, डुलत डुलत गेली आणि त्या डुकरिणीच्या पोटाशी अंग टाकून झोपली.

"नुत्का," सेवेरिन कुजबुजला. "नुत्का, बाळा, इकडे ये."

नुत्कानं एक डोळा उघडला, परत मिटला.

"मी आणतो तिला."

"बंदूक?" मी म्हणालो.

"गव्हाणीजवळ गोळी नाही," मार्चेली म्हणाला. "बाल्बिनाचा नियम." त्यानं हे इतक्या सहज म्हटलं, की मी त्याला सगळ्या फळ्या माफ केल्या.

सेवेरिननं बंदूक फांदीला अडकवली आणि रांगत पुढे गेला. त्यानं नुत्काचा पट्टा धरला आणि ओढला. नुत्का आली नाही, पण डुकरीण उठली. तिचं तोंड जांभळं होतं. तिनं सेवेरिनकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग एक पाऊल टाकलं, कुणाकडे टाकलं ते तिलाही कळलं नसावं.

गव्हाणीपासून जवळच एक जुनं मचाण आहे, दोन माणसांसाठी बांधलेलं. आमच्या मागोमाग आलेली साबिना धरून आम्ही चौघं वर कसे चढलो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की साबिना पहिली होती आणि मार्चेली शेवटचा, आणि शिडीची एक पायरी त्याच्या बुटाबरोबर खाली गेली.

डुकरीण शिडीपाशी आली. शिडी हुंगली. मग शिडीच्या पायथ्याशीच बसली, कलंडली आणि परत घोरू लागली. नुत्का झोकांड्या खात तिच्या मागे आली आणि तिच्या पाठीला टेकून झोपली.

वर आम्ही डब्यात बिस्किटं असावीत तसे होतो. मचाण करकरत होतं.

"कुणी हलू नका," मार्चेली म्हणाला.

"तुम्ही माझ्या थर्मासवर बसला आहात," साबिना म्हणाली.

"माझं वजन दोन्ही फळ्यांवर सारखं आहे. मी हललो तर सगळेच खाली."

"चहा सांडतोय, साहेब."

"सांडू दे."

साबिनानं खालच्या दगडाकडे बोट दाखवलं. "ती बघा. विझली आता. काल संध्याकाळी छान दिसत होती."

"काय?" मार्चेली म्हणाला.

"मेणबत्ती."

दगडावर लाल काच होती. तिच्यात थोडं मेण उरलं होतं. मार्चेलीनं काचेकडे पाहिलं, साबिनाकडे पाहिलं, परत काचेकडे पाहिलं.

"ही मेणबत्ती?"

"मग कुठली?"

"बाई, मेणबत्ती म्हणजे डोळा."

"डोळा म्हणजे डोळा, साहेब," साबिना म्हणाली. "मेणबत्ती म्हणजे मेणबत्ती."

हेच वाक्य, याच सुरात, मी या आधी ऐकलं होतं.

"आणि आरशात रंग?" मार्चेलीनं विचारलं. पण आवाज आता पोलिसाचा नव्हता.

"गाडी मागे घेत होते. आरशात पाहिलं तर बर्फ सगळा लाल."

"गाडीच्या आरशात."

"गाडीच्याच. मला दुसरा आरसा कुठे आहे?"

हे ऐकून सेवेरिन हसायला लागला. त्याचं हसणं आवाज न करता असतं, फक्त खांदे हलतात. खांदे हलले, तसं मचाण हललं.

"सेवेरिन, थांब," मार्चेली म्हणाला. "थांब, तू सगळ्यांना मारशील." आणि तोही हसायला लागला, आणि मग मचाण खरंच डोलू लागलं.

डोळे पुसायला सेवेरिननं हातमोजा चेहऱ्याजवळ नेला आणि तिथेच थांबला. मोजा हुंगला. परत हुंगला.

"लुड्विक. हे कुठून आणलंस?"

"तळघरातून. निळ्या पिंपातून. बाल्बिनाचं हरणांचं आंबोण. सफरचंदाचा चोथा, त्यात बीट."

"बीट?" त्यानं मोजा माझ्या नाकापुढे धरला, मग त्याला आठवलं आणि त्यानं तो मार्चेलीच्या नाकापुढे धरला.

मार्चेलीनं हुंगलं. "मी निवृत्त पोलीस आहे," तो म्हणाला. "मला कसलाही वास आलेला नाही. पण काय झकास वास आहे."

"हे आंबोण नाही, लुड्विक," सेवेरिन म्हणाला. "हे आंबवण आहे. आलुबुखाराचं. सप्टेंबरात मीच तिला पिंप उचलू लागलो होतो. तू गिरणीतल्या मित्रांना भेटायला गेला होतास."

"दारूसाठी? आम्ही तर दारू काढत नाही."

"तिला या वर्षी काढायची होती. माझ्याकडे." त्यानं क्षणभर मार्चेलीकडे पाहिलं. मार्चेली ढगांकडे बघत होता. "मे महिन्यात तुमच्या लग्नाला पन्नास होणार होती ना. सगळ्या खोऱ्याला बोलवायचं होतं तिला. तुला सांगायचं नाही असं बजावलं होतं. मी म्हटलं, वहिनी, घरात पिंप ठेवाल, त्याला वास येईल. तर म्हणाली, ‘त्याला नाक नाही. त्याला कधी कळायचं नाही.’"

खाली डुकरीण घोरत होती आणि तिच्यापाठोपाठ, बारीक आवाजात, नुत्का.

मी त्या डुकरिणीकडे पाहिलं. तिच्या जांभळ्या तोंडाकडे. त्या पाच हरणांची मला आठवण झाली, एकमेकांना टेकून चालणारी, जशी माणसं लग्नाहून घरी जातात. झुकून नमस्कार करणारा तो नर आठवला. पाहुणे तर आले होते. आमच्या पन्नाशीचं जेवण ते आधीच जेवून गेले होते, आणि एक जण तर तिथेच मुक्कामाला राहिली होती.

मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून आलं आणि मग थांबेना. ऑक्टोबरपासून साठलेलं सगळं त्यातून आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हतो, कारण हात हलवायला जागा नव्हती. साबिनानं माझा हात धरला. मार्चेलीनं माझ्या डोक्यावर स्वतःची टोपी ठेवली. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"लुड्विक," सेवेरिन म्हणाला, "तुझ्या मेणबत्त्या गळतायत."

"डोळे," मी म्हणालो. "डोळे म्हणजे डोळे."

"पेला पाजावा लागेल," मार्चेली म्हणाला.

"पाजेन."

ऊन वर आलं, तेव्हा डुकरीण जागी झाली. उठली, अंग झाडलं, आजूबाजूला अशा नजरेनं पाहिलं, जशी कालचं काहीच आठवत नाही असं दाखवणारी माणसं बघतात, आणि रानात निघून गेली. आम्ही एकेक करून खाली उतरलो. मार्चेलीला उतरवायला वेळ लागला. सेवेरिननं नुत्काला मफलरसारखं खांद्यावर टाकलं.

मग मार्चेली गव्हाणीपुढे उभा राहिला आणि बर्फाकडे बघू लागला. मीही बघत होतो. हसून झालं होतं आणि मला आता भीती वाटत होती. शनिवार होता. गाडीत त्याची अवजारं होती, फळ्या काढायची.

"ठसे पाहिजेत असं मी म्हणालो होतो," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"जनावरांचे."

"हो."

"सरळ पाहिजेत असं मी म्हणालो नव्हतो." त्यानं टोपी माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. "गव्हाण राहील. छप्पर आपण नीट करू. आणि लुड्विक, यापुढे ओट. फक्त ओट."

जाण्याआधी त्यानं साबिनाला पुढे बोलावलं. नवीन शिकाऱ्याला पहिल्या शिकारीच्या वेळी कपाळावर रंग लावतात, ही आमची रीत. मार्चेलीनं खांबावरचं आंबवण बोटावर घेतलं आणि तिच्या कपाळावर टेकवलं.

"मी काहीच मारलेलं नाही, साहेब," ती म्हणाली.

"म्हणूनच," मार्चेली म्हणाला. "बाल्बिनाच्या गव्हाणीवर हेच चालतं."

साबिना आता माझ्याबरोबर वर येते. गाजरं तिच्यासमोरच पेटीत टाकतो, ती ओरडत नाही. छपराला नव्या फळ्या लागल्या आहेत. बाल्बिनानं मारलेले वाकडे खिळे मी काढू दिले नाहीत. हरणं रोज येतात, पेटीत डोकं घालतात, ओट हुंगतात आणि मान वर करून आमच्याकडे बघतात. हॉटेलात नेहमीचा पदार्थ संपला, की गिऱ्हाईक मालकाकडे बघतं, तसं. मग खातात.

निळ्या पिंपात अजून निम्मं आंबवण आहे. मी झाकणावर फडकं घातलं, दोरी बांधली, पण तिच्यासारखी गाठ मला जमली नाही. सेवेरिन दर रविवारी चर्चच्या बाहेर विचारतो, कधी आणतोस. मे जवळ येत चालला आहे. पिंप त्याच्याकडे न्यायचं अजून राहिलं आहे.